अकराव्या प्रश्नाचे उत्तर

हुडकेश्वर, नागपूर
५ जानेवारी २०२४

चि. यमुना,

तुझ्यामाझ्यातल्या अबोल्याला येत्या चैत्रात अकरा वर्षे पूर्ण होतील. तो मी मोडत नाही. अबोला जिभेचा असतो, लेखणीचा नसतो, हा भेद आपल्या घराण्यात पूर्वापार मान्य आहे. उमरेडच्या घरी बाबा आणि काका एकाच छपरीत, दोन मागांवर शेजारी बसून सात वर्षे एकमेकांशी बोलले नाहीत. सूत हवे असले की पाटीवर लिहून मागत. कापड दोघांचेही उत्तम निघत असे.

कुशल काल आला होता. त्याने तुझी प्रकृती सांगितली.

"मामा, आईले सारखी चक्कर येऊन राहिली. डाव्या हाताले मुंग्या येतात म्हणते. डॉक्टरनं डोक्याचा एमआरआय सांगितला. चोवीस तारखेले, सकाळी आठचा नंबर. काटोलहून तेवढ्या लवकर पोचणं होत नाही. आदल्या दिवशी ती तुमच्याकडं मुक्कामाले आली तं चालन का?"

अबोला असलेली माणसे एका छपराखाली जेवत नाहीत, असे मी त्याला म्हणालो.

"तं नका ना बोलू! मी बसतो मधात. तुमच्याकून मी 'हो' म्हणतो, तिच्याकूनही मीच 'हो' म्हणतो. लग्नात मामा नाही का धरत अंतरपाट? इथं भाचा धरते."

विनोद बरा होता. मुक्काम मी नाकारला.

त्याने तपासणी केंद्राची प्रश्नावली सोबत आणली होती. ती इंग्रजीत असल्याने मी एकेक प्रश्न मराठीत सांगत गेलो आणि त्याने पेनाने खुणा केल्या. हृदयात यंत्र बसवले आहे काय? नाही. मेंदूतल्या रक्तवाहिनीला चिमटा लावला आहे काय? नाही. कृत्रिम सांधा, कानातले यंत्र, मूत्रपिंडाचा विकार? नाही, नाही, नाही. असे सोळा प्रश्न होते. माझ्यासमोर सोळा उत्तरे लिहिली गेली. त्यांपैकी पंधरा बरोबर आहेत.

त्या यंत्राविषयी तुला काही गोष्टी माहीत असाव्यात. त्यात क्ष-किरण नसतात. ते एक प्रचंड लोहचुंबक आहे आणि ते कधीही बंद नसते. खोली रिकामी असली तरी ते चालू असते. मंगळसूत्र, जोडवी, आकडे, कवळी सर्व बाहेर ठेवावे लागेल. जरीकाठी लुगडे नेसून जाऊ नकोस. जर धातूची असते आणि तापते. मनगटावरचे गोंदणही क्वचित तापते, तेव्हा ते आधी दाखव. तुला एका अरुंद नळीत पाठीवर निजवतील. अर्धा-पाऊण तास हलता येणार नाही. आवाज आपल्या छपरीतले सारे माग एकदम चालावेत त्याहून मोठा असतो, म्हणून कानात बोळे देतात. हातात एक रबरी फुगा देतात. जीव घाबरला तर तो दाबावा. यातले काहीही दुखत नाही.

परंतु ते यंत्र तुझी उलटतपासणी घेणार नाही. तू कागदावर लिहिशील ते तेथील माणूस खरे धरील आणि तुला आत सरकवील. ते उरलेले एक उत्तर तसेच राहिले तर तू त्या नळीतून आंधळी होऊन बाहेर येऊ शकतेस. डावा डोळा काचबिंदूने गेलाच आहे. मी उजव्याविषयी बोलत आहे.

बरोबर उत्तर जिवंत माणसांपैकी एकट्या मला ठाऊक आहे. ते मी तुला कळवीन. त्याआधी तू एक करायचे आहेस. आईच्या तेरवीला, पंगत बसलेली असताना, तू उभी राहून म्हणालीस, "यानं मायले कुलपात मारलं." साठ माणसांनी ते ऐकले. ते विधान असत्य होते असे स्वतःच्या हाताने लिहून दे.

मार्तंड

* * *

हुडकेश्वर, नागपूर
१२ जानेवारी २०२४

चि. यमुना,

तुझे कार्ड मिळाले. तुझे अक्षर मोठे झाले आहे. एका कार्डावर नऊ ओळी मावल्या. त्यातल्या पाच पुन्हा उतरवतो, म्हणजे मी कशाला उत्तर देत आहे याविषयी वाद राहणार नाही.

"दादा, तुहं पत्र भिंग घेऊन सोताच वाचलं. पोराले नाही दाखवलं, लाज वाटली. आंधळी होशीन असा शाप सख्ख्या बहिणीले देते का कोणी? काहून गा, एवढं काय केलं म्या तुहं? कुलूप लावलं होतं का नव्हतं, तेवढं सांग."

शाप हा शब्द मी वापरलेला नाही. शाप म्हणजे इच्छा. मी लिहिले ते अनुमान आहे. धूर दिसल्यावर 'तेथे अग्नी आहे' असे म्हणणारा माणूस आग लावत नसतो. हा फरक ज्याला चौथीत कळत नाही त्याला पुढे शिकवण्यात अर्थ नाही असे बाबा म्हणत, आणि तुझी शाळा चौथीतच सुटली.

आता कुलूप. मी दाराला बाहेरून कुलूप लावले होते, हे विधान सत्य आहे. मी ते कधीही नाकारलेले नाही. मला तसे कोणी विचारले नाही, कारण तू विचारण्याऐवजी निकाल दिलास. आई शहाऐंशी वर्षांची होती. ती घराबाहेर पडून उमरेडच्या मागांकडे निघत असे; ते माग मोडून चाळीस वर्षे झाली होती. दोनदा तिला चौकातून परत आणावे लागले. अशा व्यक्तीच्या दाराला कुलूप लावणे ही काळजी आहे. मी वर्ध्याला एका चर्चासत्रात व्याख्यान देण्यास गेलो. पाणी, भाकरी आणि दूध हाताशी ठेवले होते. त्याच दिवशी संध्याकाळी परतायचे होते. आयोजकांनी दुसऱ्या दिवशीच्या सत्राचे अध्यक्षपद देऊ केले, म्हणून मी राहिलो.

शेजारच्या तुळसाबाई सांगतात की पहिल्या दिवशी दुपारपर्यंत आतून दार वाजत होते आणि नंतर वाजले नाही. त्यावरून आई थकली होती इतकेच सिद्ध होते. वैद्यकीय दाखल्यावर हृदयक्रिया बंद पडल्याचे लिहिले आहे. कुलपाचा उल्लेख नाही. जे कारण दाखल्यात नाही ते तू पंगतीत कोठून आणलेस?

तू मला प्रश्न विचारलास, मी उत्तर दिले. मी तुला मागितले ते तू दिले नाहीस. बारा दिवस उरले आहेत. तू घाबरावेस अशी माझी इच्छा नाही. घाबरलेली माणसे वाक्ये नीट लिहीत नाहीत. तुला फक्त एवढेच लिहायचे आहे: "मी तेरवीला बोलले ते खोटे होते." त्याखाली सही कर. तुझा डोळा जाणार की राहणार हे त्या ओळीवर अवलंबून नाही, असे तू म्हणशील. बरोबर आहे. ते माझ्यावर अवलंबून आहे.

मार्तंड

* * *

हुडकेश्वर, नागपूर
१७ जानेवारी २०२४
रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह

चि. यमुना,

तुझे उत्तर आले नाही. मी अट मागे घेतो.

याचा अर्थ तू लावशील तसा नाही. भीती दाखवून घेतलेली कबुली कोठल्याही न्यायासनासमोर टिकत नाही, मग ती माझ्यासमोर का टिकावी? ही गोष्ट मी पहिल्याच पत्राच्या वेळी लक्षात घ्यावयास हवी होती. तेवढी चूक माझी.

प्रश्न क्रमांक अकरा असा होता: 'तुमच्या डोळ्यात कधी धातूचा कण गेला आहे काय?' कुशलने मला विचारलेही नाही. "तिचा डोया तं देवीनं धरला होता ना मामा," असे म्हणत त्याने 'नाही'वर खूण केली. मी त्याचा हात पाहत होतो.

तुझ्या उजव्या डोळ्यातले पांढरे फूल देवीचे नाही. देवी तुला कधी आल्याच नाहीत. तू दरवर्षी शीतलेला थंड नैवेद्य दाखवतेस, तो बासष्ट वर्षे विनाकारण दाखवत आली आहेस.

१९६२चा उन्हाळा होता. तू चार वर्षांची होतीस, मी सोळा वर्षांचा. बाबांच्या मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्याचे लोखंडी टोक वाकले होते आणि त्याने ताण्याचे धागे तुटत होते. मी ते टोक काढून दगडावर ठेवले आणि हातोडीने ठोकू लागलो. पोरगी जवळ असताना लोखंड ठोकू नये, असे बाबांनी बजावलेले होते. तू मागाच्या खड्ड्याशेजारी सुताच्या गाठोड्यावर झोपली होतीस. तिथे झोपायची तुला कोणी परवानगी दिली नव्हती. चौथ्या की पाचव्या घावाला लोखंडाची एक किरच उडाली आणि तू किंचाळत उठलीस.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितले की किरच बुबुळाच्या कडेने आत जाऊन मागे रुतली आहे. काढायला गेलो तर डोळा जाईल, राहू दिली तर बहुधा दृष्टी राहील. राहिली. परतीच्या बसमध्ये बाबांनी ठरवले. त्या वर्षी आपल्या आळीत देवीची साथ होती. देवीचे व्रण असलेल्या मुली आपल्या कोष्ट्यांत घरोघरी नांदत होत्या, त्यांना कोणी नाकारत नव्हते. डोळ्यात लोखंड असलेली मुलगी मात्र कोणी केली नसती. आज ना उद्या ते गंजेल आणि पोरगी गळ्यात पडेल, असेच लोक म्हणाले असते. म्हणून बाबांनी देवी सांगितली. आईने तुझ्या खाटेला कडुलिंबाचे डहाळे बांधले आणि आल्यागेल्याला दारातून परत लावले. तापही होताच, तो किरचेचा होता. मला शपथ घातली. तू मोठी झाल्यावरही तुला कोणी सांगितले नाही, कारण सांगायला सुरुवात केली असती तर हातोडी कोणाच्या हातात होती तेही सांगावे लागले असते.

लोहचुंबकाजवळ ती किरच फिरेल. आतून रक्तस्राव होईल. म्हणून हे पत्र घेऊन जा आणि यंत्राच्या खोलीत पाऊल टाकण्याआधी तेथील माणसाला सांग: "माझ्या उजव्या डोळ्यामागे लोखंड आहे." तो आधी डोळ्याचे क्ष-किरण चित्र काढील. त्यात किरच दिसेल आणि एमआरआय होणार नाही. डोक्यासाठी डॉक्टर दुसरी तपासणी सांगतील. तशी तपासणी असते. तुझे काहीही अडणार नाही.

पत्र अबोल्यात बसते म्हणून लिहिले. पोचपावतीवर सही कर.

मार्तंड

* * *

हुडकेश्वर, नागपूर
२३ जानेवारी २०२४

चि. यमुना,

आज दोन गोष्टी एकाच टपालाने आल्या. एक, पोचपावती, तिच्यावर तुझी सही आणि कालची तारीख आहे. दुसरे, तुझे कार्ड. ते तू माझे रजिस्टर पत्र निघण्याआधीच लिहिलेले दिसते.

"दादा, तुही दोन्ही पत्रं देव्हाऱ्यात शीतलेच्या टाकामागं ठेवली. शाप कागदावर आला तं तो देवापाशी ठेवा लागते, मग तो लागत नाही, असं माय सांगे. आता यापुढं तुहं पत्र आलं तं मी फोडणार नाही. तसंच नेऊन ठेवीन. तू लिहीत राह, मी ठेवत राहतो."

'फोडणार नाही' ही तुझी प्रतिज्ञा आहे. प्रतिज्ञा आणि वस्तुस्थिती यांत अंतर असते. ज्या बाईने पोस्टमनसमोर भिंग घेऊन सही केली, तिने ते पत्र उघडलेच नसेल हे असंभवनीय आहे. रजिस्टर पत्र कोणी न वाचता ठेवत नाही. कोर्टकज्ज्याची भीती तरी उघडायला लावते. शिवाय तुझा स्वभाव मला माहीत आहे: लहानपणी माझ्या दप्तरातली चिठ्ठीसुद्धा तुझ्या हातून सुटत नसे. यावरून तुला वस्तुस्थिती कळली आहे, असा निष्कर्ष मी काढतो. उद्या आठ वाजता तू ते सांगशील.

दूरध्वनी करावा काय, हा विचार दुपारी येऊन गेला. कुशलचा क्रमांक त्याने जाताना माझ्या पंचांगावर लिहून ठेवला आहे. परंतु कुशलला सांगायचे तर किरच सांगावी लागेल, किरच सांगायची तर हातोडी; आणि ती त्याला तू सांगणे अधिक योग्य, कारण ती तुझी हकीकत आहे. अबोला मोडण्यास पुरेसे कारण मला दिसत नाही. मी माझे कर्तव्य केले आहे आणि त्याचा लेखी पुरावा माझ्याजवळ आहे.

हे पत्र तुला तपासणीनंतर मिळेल. उघडले नाहीस तरी चालेल.

मार्तंड

* * *

हुडकेश्वर, नागपूर
११ फेब्रुवारी २०२४

चि. यमुना,

हे पत्र कुशल तुला वाचून दाखवील. कुशल, एकही शब्द गाळू नकोस. तुझ्याविषयीही यात आहे.

तू पत्र उघडले नव्हतेस. सही केलीस आणि ते शीतलेच्या टाकामागे ठेवलेस. पोचपावतीने पोचणे सिद्ध होते, वाचणे सिद्ध होत नाही. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने ही चूक केली असती तर मी त्याला वर्गाबाहेर उभे केले असते. पत्र न उघडण्याचे कारणही मीच पुरवले होते. पहिली दोन पत्रे मी तशी लिहिली नसती तर तू तिसरे उघडले असतेस. या साखळीत माझा नसलेला एकही दुवा मला सापडत नाही.

केंद्रातल्या माणसाने तुझ्या डोळ्याकडे पाहून विचारले होते, असे कुशल म्हणाला. "आजी, हे फूल कशाचं?" तू म्हणालीस, "देवी आल्या होत्या, बापू, लहानपनी. लय वर्सं झाली." त्याने विश्वास ठेवला. विश्वास ठेवावा असेच ते सांगणे होते. बाबांनी ते फार काळजीपूर्वक रचले होते. तुला आत सरकवल्यावर दोन मिनिटांत तू फुगा दाबलास.

कुशल दुसऱ्या दिवशी सकाळी काटोलला कपडे आणायला गेला आणि त्याने देव्हाऱ्यातली पत्रे फोडली. तेथूनच त्याने मला दूरध्वनी केला. तो रडला नाही, ओरडला नाही. त्याने एकच विचारले:

"मामा, तुमच्याजवळ माहा नंबर नव्हता का?"

मी "होता" म्हणालो. त्याने फोन ठेवला. त्या प्रश्नाला यापेक्षा मोठे उत्तर मी गेले सतरा दिवस शोधत आहे. होते असे वाटते, लिहायला बसले की उरत नाही.

तेरवीला तू बोललीस ते खरे होते. दुपारपर्यंत दार वाजत होते, हे तुळसाबाईंनी मला त्याच दिवशी वर्ध्याला दूरध्वनीवरून कळवले होते. 'म्हातारीची सवय आहे' असे मी त्यांना सांगितले आणि अध्यक्षपद स्वीकारले. हे आजवर तुळसाबाईंखेरीज कोणाला माहीत नव्हते. आता तुला आणि कुशलला माहीत झाले. साठ माणसांना सांगायचे असेल तर सांगा.

आणखी एक गोष्ट उरली आहे. ती सांगण्यासाठी हे पत्र आहे; बाकीचे बरेचसे कुशलला आधीच ठाऊक असावे.

एकतीस तारखेला, भेटीच्या वेळेत, मी दवाखान्यात आलो होतो. कुशल औषधे आणायला खाली गेला होता. तू उशीला टेकून बसली होतीस, दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. मी खाटेच्या पायथ्याशी उभा राहिलो. माझी काठी फरशीवर वाजली असावी, कारण तू मान वळवलीस.

"कोण हाये?"

मी बोललो नाही.

"कोण हाये गा तिथं? कुशल?"

मी बोललो नाही. अबोला होता म्हणून, असे मी त्या क्षणी स्वतःला सांगितले. ते खरे नव्हते. मी बोललो असतो तर तू मला ओळखले असतेस.

मग तूच हसलीस. "वॉर्डातला दिसते. बोलाले कंटाळले असान बापा, दिवसभर आमच्यासारख्यायची सेवा करून. जरा पाणी दे बरं, भांडं कुठी ठेवलं पोरानं, सापडून नाही राहिलं."

भांडे तुझ्या हातापासून वीतभर अंतरावर होते. मी ते तुझ्या हातात दिले. तुझी बोटे माझ्या बोटांना लागली आणि तू ती ओळखली नाहीस. तू सगळे पाणी प्यालीस, भांडे परत दिलेस आणि रिकाम्या जागेकडे, माझ्या उजवीकडे थोडे, हात वर केलास.

"सुखी राह बापा. तुह्या डोयाले कधी काही न होवो."

मी भांडे खाली ठेवून निघालो. जिन्यात कुशल वर येत होता. गर्दीत त्याने मला पाहिले नाही, की पाहून ओळख दिली नाही, हे मला निश्चित सांगता येत नाही.

तो आशीर्वाद तू वॉर्डातल्या कोणा भल्या माणसाला दिलास. तो माणूस तेथे नव्हता. चुकीच्या व्यक्तीला दिलेले दान देणाऱ्याला परत मागता येते, असा नियम आहे. मी तो अकरा दिवस बाळगला. आता तो कोणाजवळ आहे हे तुला कळले. परत घेण्याचा तुझा अधिकार मी मान्य करतो. कुशलला सांगून एका ओळीचे कार्ड टाकलेस तरी पुरे. ते मी उघडून वाचीन.

मार्तंड